काफार

आमच्या गावात एका शब्दाला चार घरं होती.
नववं लागलं त्या वर्षी मी चारही घरांत जाऊन आले.

पहिलं आमचंच. बेकरी.
भट्टीच्या मागे, जिथे भिंत रात्रभर पाठ शेकत बसते,
तिथे राहायचे ते. पहाटे तीनला आई दिवा लावायची
आणि ते जागच्या जागी थिजायचे.
फक्त मिशा हलायच्या,
अगदी हळू, जणू जपमाळ ओढताहेत.
"काफार," म्हणत आई पायातली लाकडी खडाव काढायची.

पाद्रीबाबांचा पाव मी मागच्या दारी नेऊन द्यायची.
त्या दिवशी पायरीवर मस्य एव्हारिस्त बुतोने,
चर्चमधल्या पहिल्या बाकाचे धनी,
रविवारी दानाचं पितळी ताट फिरवणारे,
लांब लोकरी चड्डीत कुडकुडत बसलेले.
मांडीवर काळी विजार.
हातात तो भोकाभोकांचा दगड, ज्याने बायका टाचा घासतात.
आणि ते घासत होते
विजारीचे गुडघे.
डावा. मग उजवा. मग कंदिलासमोर धरून पाहणं,
मग पुन्हा डावा,
शिंप्याच्या सबुरीने.

घरी सांगितलं. आई हसली नाही.
कणकेवर मूठ मारून म्हणाली, "काफार!"
मी आधी पायाखाली पाहिलं.

मग मी लेओकादीला सांगितलं, फक्त लेओकादीला.
रविवारी ते ताट घेऊन निघाले,
तर बाकामागून बाक खोकत होता
आणि पोरं तळहातांनी आपापले गुडघे चोळत होती.
पितळ उघडं पडलं, लोक म्हणाले.
पितळातले पैसे मोजले गेले, दोनदा.
एक फ्रँकही कमी नव्हता.
त्यानेच लोक जास्त चिडले.

हसून झाल्यावर सगळे सांगणारीकडे वळले.
शाळेत माझ्या पाटीवर खडूचा किडा, सहा पायांचा,
खाली नाव नाही, तोच शब्द.
चहाडी करणाऱ्यालाही आमच्याकडे हेच म्हणतात,
हे मला तेव्हा कळलं.
बाईंनी पाटी पुसली आणि, कदाचित मला बरं वाटावं म्हणून, सांगितलं
की हा शब्द मुळात आपला नाही,
समुद्रापलीकडून आला, अरबांकडून.
तिथे तो श्रद्धा नसलेल्याचा होता.
इथे येईतो काय झालं कोण जाणे,
सगळ्यात जास्त वाकणाऱ्याच्या अंगाला जाऊन चिकटला.
मला बरं वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात बुतोनेंच्या खिडक्या उघडल्या नाहीत.
"त्यांना काफार लागलाय," आई म्हणाली,
या वेळी आवाज खाली घेऊन,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा.
मी विचारलं, म्हणजे कुठला?
"आतला. खडाव पोचत नाही तिथला."
आणि टोपलीत एक गरम पाव ठेवला.

दार त्यांनीच उघडलं. विजार नवी होती,
गुडघ्यावर इस्त्रीची रेघ सुरीसारखी.
पाव घेतला. पैसे मोजले, मला मोजायला लावले.
मी वळले तेव्हा म्हणाले,
"चाळीस वर्षं टेकले गं, पोरी.
कापडच चिवट निघालं. झिजेचना."

हे खरं की खोटं, मी आईला विचारलं नाही.
कुणालाच सांगितलं नाही, लेओकादीलासुद्धा.

आता मला अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यात धातूची बिजागरी,
डॉक्टरांची सक्त मनाई.
मी बाकाच्या कडेवर टेकते
आणि पुढे झुकते थोडी, कोट सोडून,
मागून पाहिलं तर टेकलेच आहे असं वाटावं इतपत.
मग मान वळवून एकदा बघून घेते,
टोपली घेऊन कुणी पोर उभी नाही ना.